थांबलेली कड

वडिलांना भूजल कार्यालयात सगळे ‘बाटलीवाले’ म्हणत. माणसाने उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, त्यामुळे हे नाव ठेवणाऱ्याला स्वतःच्या विनोदाचं फार कौतुक वाटलं असणार. पण नाव पडलं होतं कामावरून. जमिनीत खोल गाडलेल्या पाइपांची कुलपं काढायची, दोरीला बांधलेली नळी आत सोडायची, वर आलेलं पाणी बाटलीत भरून त्यावर बोअरचा नंबर लिहायचा आणि दिवस मावळायच्या आत पेटी लॅबमध्ये पोचवायची. तेहतीस वर्षं त्यांनी एवढंच केलं, आणि चोख केलं असं सगळे सांगत. त्यांचं अक्षर इतकं वळणदार, की लॅबवाल्या बाई नव्या मुलींना त्यांच्या बाटल्या मुद्दाम दाखवायच्या.

त्यांची एकुलती एक लेक त्याच कार्यालयात होती, पण ती पाण्याला हात लावत नसे. जमिनीखाली पाणी कसं चालतं, त्यात मिसळलेलं विष कधी आणि कुठवर पोचेल, याची समीकरणं मांडायची हे तिचं काम. तिला सगळे ‘गणितवाली’ म्हणत. बापाने पाणी भरायचं आणि लेकीने ते उकळत बसायचं, असं कुणीतरी एकदा म्हटलं होतं. दोघांनाही ते आवडलं होतं. जेवताना वडील कधीमधी विचारायचे, “काय, उकळलं का आजचं?”

ज्या पाण्यावर ही दोघं राबत होती ते एका जुन्या कारखान्याचं होतं. नळ, दारांच्या मुठी, गाड्यांचे बंपर असल्या वस्तूंना तिथे क्रोमचा मुलामा द्यायचे. कारखाना बंद पडून बावीस वर्षं झाली होती. चमक लोकांच्या घरी गेली आणि सांडपाणी मागच्या तीन खड्ड्यांत राहिलं. तिथून ते पिवळं विष जमिनीत उतरलं आणि चहूबाजूंना सरकायला लागलं. ते कुठवर आलंय हे कळावं म्हणून कार्यालयाने भोवती बारा बोअर घेतल्या होत्या. त्यांतली सात नंबरची सगळ्यांत लांब, ओढ्याच्या पलीकडे. तिच्यापुढे दोनशे मीटरवर एक वस्ती होती. साठ-पासष्ट घरं, बहुतेकांच्या अंगणात स्वतःची विहीर, आणि अलीकडच्या कडेला एका बाईंची रोपवाटिका.

लेक या कामावर आली तेव्हा जुनं समीकरण वापरात होतं. त्याला विसरणाचं, म्हणजे पसरण्याचं, साधं समीकरण म्हणत. त्याचा हिशेब असा, की एक थेंब कुठेही पडला तरी तो त्याच क्षणी थोडा थोडा सगळीकडे पोचतो. लांबवर अगदी नगण्य, पण पोचतो. प्रत्यक्षात तसं घडत नव्हतं. तीन नंबरच्या बोअरला नऊ वर्षं काही म्हणजे काही आढळलं नाही आणि दहाव्या वर्षी तीन महिन्यांत पाणी पिवळं झालं. लेकीने त्याचं कारण शोधलं. माती क्रोमला धरून ठेवते. क्रोम थोडं असेल तर माती ते सगळंच्या सगळं गिळते, पुढे काहीच जाऊ देत नाही. जास्त झालं की मातीचं पोट भरतं आणि मग मात्र ते सुसाट सुटतं. म्हणजे किती वेगाने पसरायचं हे पसरणाऱ्या वस्तूवरच अवलंबून. असल्या विसरणाला अरेषीय म्हणतात. त्याला स्पष्ट कड असते. कडेच्या आत विष आणि बाहेर निव्वळ शून्य. आणि त्याची एक खोड अशी, की ही कड कधीकधी वर्षानुवर्षं एकाच जागी थांबते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं निवलं. आत मात्र कडेमागे ढीग चढत असतो, चढाव पुरेसा उभा झाला की कड निघते. या थांबण्याला तिने अहवालात ‘प्रतीक्षाकाळ’ म्हटलं.

तिचं समीकरण अकरा बोअरना छान बसलं. अडलं ते सात नंबरवर. हिशेबाप्रमाणे तिथे एव्हाना कड येऊन गेलेली असायला हवी होती, पण लॅबचे कागद दर तीन महिन्यांनी एकच सांगत होते, आढळले नाही. आठवडाभर तिने डोकं खाजवलं. मग ओढ्याच्या बाजूची माती जास्त चिकट असेल असं धरून तिने त्या बाजूपुरता मातीच्या पकडीचा आकडा वाढवला. तिथली माती उकरून कुणी तपासली नव्हती. आकडा वाढवताच सगळं जुळलं. सात नंबरला कड पोचायला अजून सव्वीस वर्षं, असं उत्तर आलं.

वडील निवृत्त झाल्यावर चार महिन्यांनी कार्यालयाच्या सभागृहात तिचं भाषण झालं. साहेबांनी तोंडभरून स्तुती केली आणि वडिलांना मुद्दाम बोलावून घेतलं. ते शेवटच्या रांगेत बसले. तिने पडद्यावर आलेख दाखवला, सात नंबरच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि सांगितलं, की ही सगळी मांडणी या वीस शून्यांवर उभी आहे. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी ती वडिलांना शोधत राहिली, पण ते निघून गेले होते. घरी आल्यावर गुडघे दुखत होते म्हणाले. त्या अहवालाच्या आधारावर लांबच्या बोअरची फेरी दोन वर्षांतून एकदा करायचं ठरलं, आणि वडिलांच्या जागी आलेल्या माणसाने सात नंबर पाहिलीसुद्धा नाही.

पुढे दीड वर्ष बरं गेलं. मग दुसऱ्या एका संस्थेतल्या संशोधकाचं पत्र आलं. त्याला तिची पद्धत वापरायची होती. ताळा करायला क्रोमबरोबर पाण्यातल्या क्षारांचे आणि कठीणपणाचे आकडेही पाठवावेत, एवढीच त्याची विनंती. लॅब ते आकडे नेहमीच काढायची, लेकीला त्यांची कधी गरज पडली नव्हती. दुपारी जेवणाचा डबा बाजूला सारून तिने ते रकाने उघडले आणि सहज नजर फिरवायला लागली.

सात नंबरचं पाणी आधी सहा नंबरपेक्षा दीडपट खारट होतं. कायमच. आणि मग एका पावसाळ्यापासून दोन्ही आकडे एकसारखे झाले होते. एकीकडे चारशे बारा, दुसरीकडे चारशे अकरा. पुढच्या फेरीला तीनशे शहाण्णव आणि तीनशे शहाण्णव. पाच वर्षं, वीस फेऱ्या, जुळ्या भावंडांसारखे. ओढ्याच्या दोन काठांवरच्या, एकमेकींपासून अर्धा किलोमीटर लांब असलेल्या दोन बोअर एका दिवसात एक होत नाहीत. कुठे पाणी मुरतंय हे कळायला तिला गणित लागलं नाही. ती लॅबमध्ये गेली आणि त्या वर्षांत एखादं यंत्र बदललं होतं का, असं विचारलं. लॅबवाल्या बाई म्हणाल्या, यंत्र तेच आहे. थोड्या वेळाने, कागदांकडे बघत, त्या म्हणाल्या, “आमच्याकडे बाटली येते गं. बोअर येत नाही.”

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. वडील खिडकीजवळ वर्तमानपत्र पसरून पायाची नखं कापत बसले होते. वाकायला त्रास व्हायचा, म्हणून एक पाय स्टुलावर घेतलेला. तिने कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि दोन ओळींवर बोट टेकलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

“कधीपासून कळलंय तुला?”

“आज दुपारी. बाबा, सात नंबरची बाटली तुम्ही कुठे भरत होता?”

“सहावर,” ते म्हणाले. नेलकटर त्यांनी वर्तमानपत्रावर नीट आडवा ठेवला. “दोन्ही बाटल्या सहावरच भरायचो.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. आवाज चढला नाही की दाटला नाही. ओढ्यावरचा पायपूल एका पुरात वाहून गेला. पलीकडे जायचं तर वरच्या रस्त्याने वळसा घालून सहा किलोमीटर. त्याच महिन्यात आईने अंथरूण धरलं होतं. लेक तेव्हा दुसऱ्या शहरात, पीएच.डी.च्या मधोमध. दुपारी एक वाजता आईला उठवून बसवायचं, भरवायचं, औषध द्यायचं. त्यासाठी फेरी अर्धवट टाकून घरी यायला लागायचं. सातवर गेलं तर एकच्या आत परत येणं होत नव्हतं. पहिल्यांदा वाटलं, एवढी एकच फेरी. सातला कधी काही निघालं नव्हतं, सहालाही नाही, ती तर विषाच्या वाटेपासून बाजूलाच होती. पाण्यासारखं पाणी. मग दुसरी फेरी. नंतर अंगवळणी पडलं.

“आणि आई गेल्यावर?” तिने विचारलं. “त्यानंतर दोन वर्षं होती नोकरी.”

“त्यानंतर गेलो असतो आणि आकडा वेगळा आला असता, तर आधीच्या बाटल्यांचं काय सांगणार होतो?” त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. “तुझं भाषण ऐकेपर्यंत मला वाटत होतं, एका बोअरने काय होतंय. बारा आहेत. तू म्हणालीस, सगळं सातवरच उभं आहे. दुसऱ्या दिवशी मी गेलो होतो तिथे. रिक्षा केली, पुढे चालत. कुलूप गंजून एक झालेलं. दगडाने ठोकलं, तरी हललं नाही. मग आलो परत.”

“मला का नाही सांगितलं?”

ते खाली वाकून वर्तमानपत्रावरची नखं गोळा करायला लागले. लेक उभीच राहिली. तिला संताप यायला हवा होता आणि तो येतही होता, पण मध्येच वाट चुकत होता. त्या पाच वर्षांत ती घरी किती वेळा आली होती, हे ती मोजायला लागली होती आणि तो आकडा एका हाताच्या बोटांत मावत होता. आणि चिकट मातीची गोष्ट. ती तर वडिलांनी सांगितली नव्हती. ती तिने स्वतःच, टेबलापाशी बसून, मनाने रचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सात नंबरवर गेली. वडील येतो म्हणाले आणि तिने नको म्हटलं नाही. लोखंड कापायची करवत तिने कार्यालयातून सही करून घेतली होती. वाट गवताने भरली होती. वडील दर पन्नास पावलांवर थांबत होते. कुलूप कापायला तिला वीस मिनिटं लागली, हाताला फोड आले. झाकण निघालं तेव्हा नळी सोडायला वडील पुढे झाले. दोरी त्यांच्या हातातून जुन्या सवयीने सरसर गेली, तळाशी लागली, आणि त्यांनी ती एका लयीत वर ओढली. पाणी बाटलीत ओतताना ते थांबले. त्यांनी बाटली उजेडाकडे धरली.

“पिवळं आहे,” ते म्हणाले.

फिकट होतं, लिंबाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखं. पण डोळ्यांना दिसत होतं, आणि डोळ्यांना दिसतं म्हणजे पिण्याच्या मर्यादेच्या वीस-पंचवीस पट असणार हे दोघांनाही ठाऊक होतं. तिथून वस्तीची छपरं दिसत होती. एका अंगणात कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. वडिलांनी बाटलीवर नंबर लिहिला. अक्षर वाकडंतिकडं आलं.

त्याच दिवशी लॅबने आकडा दिला आणि पुढच्या चार दिवसांत वस्तीतल्या सगळ्या विहिरी तपासून झाल्या. अकरा विहिरींत क्रोम निघालं. रोपवाटिकेची विहीर सगळ्यांत वाईट होती. टँकर लागले, विहिरींना फळ्या ठोकल्या गेल्या.

साहेब घाबरले होते, पण त्यांना मार्ग सुचला होता. लेकीला खोलीत बोलावून, दार लावून, त्यांनी सांगितलं, की घाबरायचं कारण नाही. आपण नियमाप्रमाणे नमुना घेतला, त्यात विष आढळलं, आपण तत्काळ पाऊल उचललं. समीकरणात थोडाफार फरक पडतोच. तिने विचारलं, लोक किती दिवस हे पाणी पीत आहेत असं कळवायचं? साहेब म्हणाले, अलीकडेच आलंय, असं म्हणू. अलीकडे म्हणजे किती, तिने विचारलं. कारण वस्तीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी नेमकं तेच विचारलं होतं. एक महिना पाणी प्यायलेल्या माणसाच्या आणि पाच वर्षं प्यायलेल्या माणसाच्या तपासण्या वेगळ्या असतात. जुनी शून्यं खरी धरली तर कड नुकतीच आली असं निघतं. ती खोटी होती हे सांगितल्याशिवाय खरी तारीख काढताच येत नव्हती.

“तुझ्या वडिलांचा विचार कर,” साहेब म्हणाले. “या वयात त्यांना कशाला उघडं पाडायचं? मी तुमच्या भल्याचंच बोलतोय.”

साहेबांना फक्त तिच्या वडिलांची काळजी नव्हती, हे तिला संध्याकाळी कळलं. पायपुलाची जुनी फाइल तिने काढून पाहिली. पूल दुरुस्त करा, सात नंबरवर जाता येत नाही, अशी वडिलांची तीन पत्रं तिच्यात होती. तिन्हींवर साहेबांची सही होती, ‘पाहिले’. पुढे काहीच नाही.

ती पत्रं घेऊन ती घरी गेली. वडिलांनी एव्हाना टेबलावर बसून आपलं निवेदन लिहून ठेवलं होतं. सव्वा पान. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती फेऱ्या, कोणत्या बोअरचं पाणी कोणत्या बाटलीत. आईच्या आजाराचा उल्लेख नव्हता. पत्रांचाही नव्हता. तिने पत्रं पुढे ठेवली आणि म्हणाली, हे तरी लिहा, तुम्ही तीन वेळा कळवलं होतं.

“ते तू तुझ्या कागदात लिही,” ते म्हणाले. “साहेबांचं त्यांच्यापाशी. मी पत्रं लिहिली म्हणून माझी बाटली खरी होत नाही.”

तिनेही मग आपलं निवेदन लिहिलं. सात नंबर बसत नाही म्हटल्यावर मी मातीचा आकडा कोणत्याही पुराव्याशिवाय बदलला, हे वाक्य तिने तीनदा खोडून चौथ्यांदा तसंच ठेवलं.

वस्तीच्या सभेला वडिलांनी स्वतः जायचा हट्ट धरला. सभा शाळेच्या हॉलमध्ये होती, लोक लहान मुलांच्या बाकांवर दाटीवाटीने बसले होते. साहेब आले नाहीत, त्यांच्याऐवजी एक कनिष्ठ अधिकारी आला. वडील उभे राहिले आणि त्यांनी ते सव्वा पान वाचून दाखवलं. मागून कुणीतरी शिव्या दिल्या, एक माणूस अंगावर धावून आला, त्याला दोघांनी आवरलं. वडील हललेही नाहीत. लेक त्यांच्या शेजारी उभी होती आणि त्यांचा हात धरावा की नाही हे तिला कळत नव्हतं.

मग रोपवाटिकेच्या बाई उठल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या. पूल होता तेव्हा वडील आपली सायकल त्यांच्याच कुंपणाला लावायचे आणि परत जाताना त्यांच्याच विहिरीचं पाणी प्यायचे. बाई बाकांमधून वाट काढत पुढे आल्या. त्यांच्या दोन्ही हातांवर, बोटांच्या पेरांशी, लहान लहान गोल जखमा होत्या. छिद्र पाडल्यासारख्या, कडा उचललेल्या. मातीत काम केल्याने होतं असं त्या समजत होत्या. वडिलांनी हात पाहिले आणि त्यांची नजर तिथून निघेना.

“भाऊ, तुम्ही यायचे बंद झालात,” बाई म्हणाल्या. “मी घरात म्हटलं, आपलं पाणी चांगलं ठरलं असणार. म्हणून तर आता येत नाहीत.”

त्या परत जाऊन बसल्या. शिव्या खाताना ताठ राहिलेले वडील त्या वाक्याने खचले. लेकीने त्यांना खांद्याला धरून बाहेर आणलं.

चौकशी बसली. साहेबांची बदली झाली. वडिलांचे जुने सोबती रविवारी पत्ते खेळायला यायचे, ते यायचे थांबले. फक्त लॅबवाल्या बाई एकदा येऊन गेल्या, चहा घेतला आणि हवापाण्याच्या गप्पा मारून उठल्या. लेकीने आपला छापलेला लेख मागे घेतला. तिची नोकरी राहिली, कारण तारीख काढायला दुसरं कुणी नव्हतं.

ती तारीख तिने महिन्याभराने काढली. वीस खोटी शून्यं फेकून दिली, ओढ्याच्या बाजूला मातीची पकड इतर ठिकाणी होती तीच ठेवली, आणि सात नंबरचा आजचा आकडा व अकरा विहिरींचे आकडे घातले. समीकरण असं चपखल बसलं, की तिने आयुष्यात तसं पाहिलं नव्हतं. जे जुळावं म्हणून तिने एके काळी आठवडाभर डोकेफोड केली होती, ते काही न करता जुळलं होतं. कड सात नंबरच्या अलीकडे बराच काळ थांबली होती आणि मग निघाली होती, अगदी तिने अहवालात लिहिलं होतं तशी, फक्त खूप आधी. तिने उत्तर कागदावर लिहून दवाखान्यात पाठवलं. रोपवाटिकेची विहीर, चार वर्षं दोन महिने. इतरांच्या कमी.

संध्याकाळी वडील दाराशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना कळलं होतं, की आज उत्तर येणार होतं.

“मी जात राहिलो असतो,” त्यांनी विचारलं, “तर सापडलं असतं का?”

“हो.”

“कितव्या फेरीला?”

हिशेबात दोन-चार महिन्यांची चूक असू शकते, हे तिला माहीत होतं. तेवढ्या फटीतून निसटायला जागा होती. “तिसऱ्या,” ती म्हणाली. “फार तर चौथ्या.”

त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. “म्हणजे तुझी आई होती तेव्हा.”

“होती.”

“तेव्हा तिला कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची,” ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात, माहिती सांगावी तसं. रस्त्यावरून कुणीतरी सायकलवरून गेलं. “आधी कळलं असतं तरी मी तिला सोडून गेलो असतो, असं मला छातीठोक सांगता येत नाही बघ. तेच मला खातंय.” मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “तू नक्की सांगता येत नाही म्हणाली असतीस, तरी चाललं असतं.”

ती त्यांच्या पायाशी उंबऱ्यावर बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तो जड आणि गार होता, आणि थोड्या वेळाने त्यांनीच तो उचलला.

वस्तीला नळाचं पाणी मिळालं. अकरा विहिरी सिमेंटने बुजवल्या. बाईंनी रोपवाटिका बंद केली आणि त्या बहिणीकडे राहायला गेल्या. हातांच्या जखमा भरल्या, पण डॉक्टर अजून बोलावतात. वस्तीच्या पलीकडे तेरा नंबरची नवी बोअर घेतली आहे. तिची फेरी लेक स्वतः करते. तिथे अजून काही आढळलेलं नाही, आणि त्याचा काहीच अर्थ नसतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. फेरीहून आली की ती हात धुते आणि स्वयंपाकाला लागते. वडील तिला आकडा विचारत नाहीत. जेवताना भाजीत मीठ कमी आहे का, एवढं ती विचारते, आणि ते नाही म्हणतात.